ट्रे कुणी बघायचा

२२ जानेवारी १९८४, रविवार

काल आमच्या डॉक्टर मॅडमनी मला तपासणीच्या टेबलावर घेतलं. याच टेबलाशी उभी राहून मी अकरा वर्षं बायकांना सांगत आले, "पाय सैल सोडा, काही होत नाही." पाय सैल सुटत नाहीत. हे मला आजवर एकाही बाईने कसं सांगितलं नाही, याचं नवल वाटलं. बहुतेक सांगितलं असेल, मी पुढच्या पेशंटकडे वळले असेन.

वर्षभर पाळी बारा-बारा दिवस चालते. हिमोग्लोबिन साडेसहा. ऑपरेशन चालू असताना उभ्या उभ्या डोळ्यांपुढे अंधारी येते, म्हणून मी ट्रॉलीला पोट टेकून उभी राहते. मॅडम म्हणाल्या, "कमला, हा रिपोर्ट वॉर्डातल्या बाईचा असता तर तू काय म्हणाली असतीस?"

मी म्हटलं, "पिशवी काढा."

"मग?"

मग काय, तारीख ठरली. आठ फेब्रुवारी. भीती वाटते का असं मॅडमनी विचारलं. खरं सांगायचं तर भीतीपेक्षा उत्सुकता जास्त आहे. इतकी वर्षं ऑपरेशन एकाच बाजूने बघितलं, आता टेबलावरून ते कसं दिसतं ते बघायला मिळणार. त्यासाठीच हे लिहायला घेतलं आहे. मागाहून विसरायला होतं.

अडचण पिशवीची नाही, आईंची आहे. सासूबाईंना मी आई म्हणते. सहा वर्षांपूर्वी मामंजी गेल्यापासून त्या माझ्याकडे हॉस्पिटलच्या या क्वार्टरमध्ये राहतात. देवरूखजवळच्या गावचं घर शिमग्याला आणि गणपतीला तेवढं उघडतात. माझ्या लग्नाला अठरा वर्षं झाली, मूल नाही. दर शिमग्याला देवीची पालखी दारात आली की आई नारळ ठेवून गुरवाला सगळ्या गावादेखत गाऱ्हाणं घालायला लावतात, "सुनेची कूस उजव, म्हाराजा." सगळा गाव "होय म्हाराजा" म्हणतो. मी मान खाली घालून उभी असते. मी त्रेचाळीस वर्षांची झाले तरी गाऱ्हाणं बदललेलं नाही.

त्यांना कसं सांगू, की आता कूसच राहणार नाही?

२९ जानेवारी

हे काल आले. पोफळीला पॉवरहाऊसमध्ये नोकरी, आठ-पंधरा दिवसांनी येणं होतं. सगळं सांगितलं. ऐकताना बुटांच्या नाड्या सोडत होते, त्या सोडून झाल्यावर पुन्हा बांधल्या.

"आयेला काय सांगायचं?" म्हणाले.

"तुम्हीच सांगा."

"गाठ काढणार येवढंच सांगू. खोटं थोडंच हाय ते?"

खोटं नाही. गाठी आहेतच, एक तर चांगली मोठी. त्यांना रक्त चालत नाही. एवढ्या धडधडणाऱ्या यंत्रांपुढे उभे राहतात, पण घरात कोंबडी कापायची तर शेजारच्या रावजींना हाक मारतात. बिचारे पांढरे पडले होते, म्हणून मीच विषय आवरता घेतला.

ते झोपल्यावर जुनं आठवलं. लग्नाला पाच वर्षं झाली तेव्हा मी मिरजेला जाऊन सगळ्या तपासण्या करून घेतल्या होत्या. नळ्या मोकळ्या, पिशवी चांगली, सगळं चांगलं. तिथले डॉक्टर म्हणाले, आता मिस्टरांना घेऊन या. हे म्हणाले, "बघू." ते बघू अजून चालू आहे. आईंना यातलं काहीच माहीत नाही. त्यांच्या मते दोष माझ्या नोकरीचा. "रातपाळ्या करून, मढ्यांना हात लावून पोर ऱ्हातं होय?" असं त्या पूर्वी रोज म्हणत, हल्ली सणावाराला म्हणतात.

५ फेब्रुवारी

बंदोबस्त पक्का केला. मॅडमना सांगितलं, सासूबाईंपुढे "गाठ" हाच शब्द. वॉर्डातल्या सगळ्या सिस्टर्सना, आयाबाई मथुरामावशींना, झाडूवाल्यापर्यंत सगळ्यांना सांगून ठेवलं. मॅडम म्हणाल्या, "एखाद्या मंत्र्याचं ऑपरेशन असल्यासारखं करते आहेस." 

आई कालपासून कुळथाची पिठी आणि मऊ भात यावर बोलत आहेत. गाठ म्हणजे काय, दुखते का, तिला तोंड असतं का, असं विचारलं. तोंड नसतं म्हटलं. "मंग पू कुठनं जातो?" म्हणाल्या. प्रश्न अगदी बरोबर होता. पू नसतो म्हणून सांगितलं तेव्हा त्यांचं समाधान झालेलं दिसलं नाही.

यंदाच्या शिमग्याला त्या पुन्हा तेच गाऱ्हाणं घालणार. म्हणजे मी एका म्हातारीला देवासमोर उभी करून, नसलेल्या पिशवीसाठी मूल मागायला लावणार. हे काही बरं नाही. पण शिमगा अजून लांब आहे.

७ फेब्रुवारी

ॲडमिट झाले. स्वतःच्या वॉर्डात कॉटवर पडून छत बघितलं. पंख्याच्या वर कोळिष्टकं आहेत. उभं राहून ती दिसत नाहीत. बरी होऊन गेले की आधी ती काढून घेणार.

एनिमा. यावर लिहिण्यासारखं पुष्कळ आहे पण लिहिणार नाही. एवढंच, की यापुढे मी पाणी कोमट आहे की नाही ते हाताने नाही, कोपराने बघेन.

लीलाने तयारी केली. लीला नवीन स्टाफ नर्स, ऑपरेशन थिएटरचं काम माझ्याच हाताखाली शिकली. माझी वाक्यं माझ्याच आवाजात मला ऐकवत होती. "उगीच मनात काही आणायचं नाही हं." मनात काही आणायचं नाही असं म्हटलं की काय काय येतं, हे तिला अजून ठाऊक नाही. मलाही आजच कळलं.

१० फेब्रुवारी

पडल्या पडल्या लिहिते आहे. अक्षर बघून हसू येतंय पण हसता येत नाही, टाके ओढतात.

मणक्यात सुई दिली होती म्हणून जागं राहून बघायचा बेत होता. मॅडमनी झोपेचं औषध दिलं. मला बघायचं होतं म्हणाले तर म्हणाल्या, "तू बघायला लागलीस की मला सूचना करशील."

काल सकाळी राउंडला लीला दारातूनच ओरडली, "कमलाताई, वारा सरला का?" आख्खा वॉर्ड माझ्याकडे बघायला लागला. मी बायकांना हे असंच दारातून विचारते. आज सकाळी वारा सरला. समोरच्या कॉटवरच्या बाईने तिच्या नवऱ्याला सांगितलं, त्याने माझ्याकडे बघून हात जोडले.

आई डबा घेऊन दोन वेळा येतात. पेज भरवतात. फार बोलत नाहीत. थकल्या असतील.

११ फेब्रुवारी

काढलेली पिशवी तपासणीसाठी मिरजेला पाठवायच्या आधी लीलाला तिची बरणी आणायला लावली. पडदा ओढून बघितली. असंख्य बघितल्या आहेत, पण नजर ठरेना. मोठी गाठ एका बाजूला, दोन लहान मागे. यांच्यामध्ये पिशवी शोधावी लागते, इतकी ती एवढीशी. हिच्यासाठी एवढी गाऱ्हाणी. 

बरणीला हात लावला, थंड होती. लीला पाठमोरी झाली तेव्हा मी तिला "बरंय मग" म्हटलं. म्हणजे पिशवीला. का म्हटलं कुणास ठाऊक. मग लीलाला म्हटलं, फॉर्मॅलिन कमी आहे, अजून घाल.

नंतर लेबर वॉर्डातून एक मूल रडल्याचं ऐकू आलं. ते रोजच ऐकू येतं. आज डोळ्यांतून पाणी आलं, ॲनिमियाने असं होतं कधी कधी.

१३ फेब्रुवारी, सोमवार

मी मूर्ख आहे. सगळ्यांची तोंडं बंद केली आणि ट्रे विसरले.

आमच्या थिएटरची रीत आहे. पोटातून काही काढलं की ते किडनीच्या आकाराच्या ट्रेमध्ये घालून दाराबाहेर नेऊन नातेवाइकांना दाखवायचं. म्हणजे मागाहून कुणी म्हणायला नको की काहीच काढलं नाही, किंवा भलतंच काढलं. अकरा वर्षं तो ट्रे मी नेते आहे. वाक्यसुद्धा माझंच, "नातेवाईक कोण? ही पिशवी, ह्या गाठी. नीट बघून घ्या." लीलाला मीच ते शिकवलं. माझ्या ऑपरेशनला ट्रे मी नेणार नव्हते, म्हणजे दुसरं कुणीतरी नेणार होतं, हे माझ्या डोक्यात आलंच नाही.

आज ड्रेसिंग करताना लीला सहज म्हणाली, "तुमच्या सासूबाई धीराच्या आहेत हो."

"का?"

मग सगळं बाहेर आलं. तिने दारात हाक मारली. हे पुढे आले, ट्रेवरचं फडकं सरकलं तसे मागे फिरले आणि थेट चहाच्या टपरीवर गेले. आई बाकावरून उठल्या. म्हणाल्या, "मी बगतंय. दाव." लीलाने पाठ केलेलं म्हटलं, "ही पिशवी, ह्या गाठी." आईंनी पदराने चष्मा पुसला, वाकून बघितलं. मग म्हणाल्या, "पालथं कर." लीलाने केलं. 

"ह्यातच पोर ऱ्हातं?"

लीला हो म्हणाली.

"मंग गाठ काढून ही परत आत नाय घालत?"

लीला म्हणाली, नाही, बरणीत घालून तपासायला पाठवतात. आई सरळ झाल्या. मग "झाक ते, माश्या बसतील," म्हणून बाकावर जाऊन बसल्या.

लीला रडायला लागली. मी तिला रागावले नाही. रीतच ती. नातेवाईक होत्या, त्यांनी बघितलं.

१४ फेब्रुवारी

आईंनी भरवलेली पेज संपवली. त्यांच्या तोंडाकडे बघत होते. काही नाही. डबा विसळला, पदर खोचला, गेल्या. सहा दिवस त्यांना माहीत आहे आणि एक शब्द नाही. राग आला असेल तर तो इतका गप्प मी कधी बघितलेला नाही. त्यांचा राग मला चांगला ओळखीचा आहे, तो भांड्यांतून बोलतो.

१७ फेब्रुवारी

काल टाके काढले, आज घरी आले. टाके काढताना "मुंगी चावल्यासारखं वाटेल" असं मी सांगते. मुंगी नाही, डोंगळा.

आईंनी कळशीला हात लावू दिला नाही. दाराच्या उंबऱ्यावरून पाय टाकताना दंड धरला. अठरा वर्षांत त्यांनी माझा दंड धरल्याचं आठवत नाही. हे दोन दिवसांनी पोफळीला गेले की मी स्वतःच विषय काढणार.

२६ फेब्रुवारी

काढला नाही.

मिरजेहून निरोप आला, साध्याच गाठी. मॅडम स्वतः घरी सांगायला आल्या. आईंनी त्यांना कोकमाचं सरबत दिलं आणि दारापर्यंत पोचवायला गेल्या. तिथे काहीतरी विचारत होत्या. मॅडम हाताने आकार दाखवत होत्या. मी आतून मान लांब केली तर टाक्यांची जागा दुखली.

संध्याकाळी कुकरची शिट्टी होईपर्यंत मी मनात वाक्य जुळवत होते. शिट्टी झाली, आई उठल्या, वाक्य राहिलं.

१५ मार्च

आई शिमग्याला गावी निघाल्या. हे येणार नाहीत, सगळ्यांनी रजा टाकल्यामुळे यांची ड्युटी लागली. पॉवरहाऊस काही शिमग्याला बंद ठेवता येत नाही. मला एस.टी.चे हादरे अजून मना आहेत.

आई बोचकं बांधत होत्या, तेव्हा शेवटी बोलले. म्हटलं, "आई, यंदा ते गाऱ्हाणं नको."

त्यांनी गाठ मारली. "काय घालायचं ता मला ठावं हाय."

"तुम्ही बघितलंय ना? लीलाने सांगितलं मला."

"बगितलं." बोचकं उचललं. "कुकरमदी भात हाय. वाकू नको."

आणि गेल्या. राग असता तर भात ठेवला नसता. पण राग नसता तर दोन शब्द बोलल्या असत्या. मला यातलं काहीच उलगडत नाही.

१७ मार्च, होळी

लीला पुरणपोळी देऊन गेली. बाहेर पोरांची बोंब चालू आहे. गावात होम लागला असेल, उद्या-परवा पालखी आमच्या दारात येईल. आई काय म्हणतील? नवस मागे घेतील? की सगळ्या गावापुढे सांगतील, की सुनेने न विचारता पिशवी काढून टाकली? गावच्या बायका बारशाला मला पाळण्याजवळ येऊ देत नाहीत, ते मी कधीच सोडून दिलं. पण आई उठून गावीच राहिल्या तर? सहा वर्षं मी ड्युटीवरून आले की घरात दिवा असतो. मला त्यांची भीती वाटते असं मी समजत होते. भीती त्या जातील याची आहे, हे आज लिहिता लिहिता कळलं.

२५ मार्च, रविवार

काल दुपारी आई आल्या. हेही काल आले. आज सकाळी जे झालं ते जसंच्या तसं लिहून ठेवते.

मी आणि आई सुपात तांदूळ निवडत होतो. हे पडवीत पेपर घेऊन. आईंनी आपणहून सुरू केलं.

"पालखी आली. गुरवानं इचारलं, हौसाबाय, नेहमीचंच ना? मी म्हटलं, नाय. औंदा मी बोलनार. म्हटलं, म्हाराजा, नवस मागं घेतंय. माझ्या सुनंच्या पोटात नारळायेवढी गाठ व्हती. मी ह्या डोळ्यांनी बगितली, पालथी करून बगितली. पोराला ऱ्हायला जागाच नव्हती. खोट तिच्यात नाय, तिच्या नोकरीत नाय. गाठीची खोट. आनी जे तिला पाळण्याला हात लावू देत नव्हते त्यांनी कान उघडे ठेवा. तुमी कुणी बगितलाव काय? मी बगितलंय."

माझ्या हातातले तांदूळ सुपात पडले.

"मंग वाडीतली ती सखू म्हनाली, गाठ कवापासनं व्हती? मला सांगता आलं नाय. तर तू सांग. लगीन झालं तवापासनं व्हती ना?"

पडवीत पेपर वाजायचा थांबला.

हो म्हणणं किती सोपं होतं. त्यांचं मन शांत, यांची अब्रू शाबूत, माझी सुटका. गाठ बरणीत आहे, ती काही तक्रार करायला येणार नव्हती. पण अठरा वर्षांत पहिल्यांदा त्या मला विचारत होत्या, सांगत नव्हत्या. विचारणाऱ्याला मी खोटं सांगू शकले नाही.

म्हटलं, "नाही आई. गाठी चार-पाच वर्षांतल्या. त्याआधी माझी मिरजेला तपासणी झाली होती. तेव्हा काही नव्हतं. सगळं चांगलं होतं."

त्यांनी एक खडा वेचून बाजूला ठेवला. मग आणखी एक.

"मंग पोर का नाय राह्यलं?"

"माहीत नाही."

"पोराला दोगं लागतात." सूप खाली ठेवलं. "माझ्या गंगारामची तपासनी?"

मी पडवीकडे बघितलं. हे उत्तर मी द्यायचं नव्हतं. पडवीतून हे म्हणाले, "आये, आता ह्या वयात ता कशाला काढतंस?"

"झाली की नाय?"

"नाय झाली."

आईंनी वेचलेले खडे मुठीत घेतले. मला वाटलं रडतील. त्या म्हणाल्या, "म्हंजे मी देवीम्होरं चुकीचं बोलून आले."

"आई, जाऊ दे आता," मी म्हटलं. "पिशवीच गेली. कशाला परत?"

"पिशवी गेली. बोल्लेलं कुठं गेलं? अठरा वर्सं तुला बोल्ले ता कुठल्या बरणीत घातलाव?" मग पडवीकडे वळून, "पालखी पाडव्यापातूर भायेर हाय. उद्याची देवरूख गाडी कवा?"

"मला ड्युटी हाय," हे म्हणाले.

"रजा टाक. तुजी तपासनी नको मला आता. मी बोलंन तवा माझ्या बाजूला नुसता हुबा ऱ्हा."

हे उठून आत आले. मला वाटलं, चिडतील. दारात उभे राहिले, माझ्याकडे बघितलं, आणि म्हणाले, "तेव्हा मी भ्यालो होतो गो." एवढंच. मी यांना यंत्रापुढे उभं राहिलेलं कधी बघितलं नाही, पण तिथे असेच उभे राहत असावेत. मला रडू आलं. या वेळी ॲनिमिया नव्हता, हिमोग्लोबिन साडेनऊ आहे.

२६ मार्च

दोघं सकाळच्या गाडीने गेले. आईंनी नवं लुगडं नेसलं. यांनी दाढी केली, एका जागी कापून घेतलं, कापसाचा बोळा लावायला माझ्यापुढे बसले आणि रक्त दिसू नये म्हणून डोळे मिटून घेतले.

निघताना आई पुढे गेल्या तसे हळूच मला म्हणाले, "काय सांगनार ती?"

म्हटलं, "मला तरी काय माहीत. तिथे डोळे मिटू नका. नीट ऐका, आणि आल्यावर मला सगळं सांगा."